झिरोला जाताना न ऐकलेली गाणी

शनिवार

मी आणि मामा अरुणाचलातल्या झिरोच्या संगीत महोत्सवाला निघालो होतो. गाडीने कल्याण सोडलं नव्हतं तेवढ्यात मामाने अट घातली. यंदाच्या यादीतल्या एकाही बँडचं एकही गाणं झिरोला पोचेपर्यंत ऐकायचं नाही. मी नाही, तोही नाही.

मी हबकलेच. यादी जाहीर झाली त्याच रात्री मी सगळी नावं वहीत उतरवून घेतली होती. त्यातली निम्म्याहून जास्त मला नवी होती. मुंबई ते गुवाहाटी रेल्वेने, तिथून रात्रीच्या गाडीने अरुणाचल, मग डोंगरातला रस्ता, म्हणजे ऐकायला वेळच वेळ. महोत्सवाला जायची माझी रीतच ही आहे. ज्यांना ऐकायला निघालो त्यांचे अल्बम इतक्यांदा ऐकायचे, की समोर पहिले दोन सूर वाजले की गाणं ओळखता यावं. निम्मा आनंद मला त्या तयारीतच मिळतो.

मामाचं म्हणणं वेगळं. १९८६ साली मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला, तेव्हा तो कॉलेजात होता. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्यावर, पावसाळी हवेत हे कार्यक्रम व्हायचे. बहुतेक बँड परदेशी गाणी वाजवायचे आणि लोकांनाही तीच हवी असायची. अशा एका संध्याकाळी ‘रॉक मशीन’ने स्वतःचं गाणं काढलं. ‘पुढचा सूर कुठे जाणार हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं,’ मामा म्हणाला. ‘तेवढं कान देऊन मी त्यानंतर काही ऐकलं नसेन बघ.’

मी मनाशी आठवून पाहिलं. पुण्याच्या वीकेंडर महोत्सवाला गेले, बंगळूरला गेले, छोट्या क्लबांतल्या कितीतरी रात्री उभं राहून काढल्या. पण समोर पहिल्यांदाच ऐकलेलं असं एकही गाणं मला आठवेना. सगळी आधी कानात येऊन गेलेली. मग मी अट मान्य केली, माझी एक घालून: वाटेत जुने अल्बम ऐकायचे, आळीपाळीने एक त्याचा, एक माझा. पूर्ण, क्रमाने, एकही गाणं न गाळता.

पहिला मान त्याचा. त्याने अर्थातच रॉक मशीनचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ काढला, १९८८चा. कॅसेटवरून त्यानेच कधीतरी फोनमध्ये घेतलेला, त्यामुळे गाण्यांच्या मागे सतत एक बारीक सुसकारा. मला हा बँड ‘इंडस क्रीड’ या नावाने माहीत होता. ते नाव त्यांनी १९९३ मध्ये घेतलं. त्याच्या आधीचं असं सलग कधी ऐकलं नव्हतं. कसाऱ्याचा घाट चढताना महेश तिनईकरचं गिटार ऐकत होते आणि लक्षात येत गेलं, की ही मुलं कुणालाही उसनं न मागता आपलं गाणं लिहायला निघाली होती. आज आपण ‘इंडी’ म्हणतो, म्हणजे स्वतःची गाणी करणाऱ्या स्वतंत्र बँडचं संगीत, त्याची सुरुवात माझ्या लेखी इथे आहे. मग कुणी त्याला हार्ड रॉक म्हणो की आणखी काही.

माझ्याकडून मी त्याच वर्षीचा अल्बम लावला, ‘सॉनिक यूथ’चा ‘डेड्रीम नेशन’. १९८८मध्ये मुंबईत एक घडत होतं आणि न्यूयॉर्कमध्ये हे. मामाने पहिल्या दहा मिनिटांत एक इअरफोन काढला. त्याला गिटारं बेसूर वाटत होती. मी सांगितलं, की हे लोक प्रत्येक गाण्यासाठी गिटार वेगळ्या सुरात लावतात, कधी तारांखाली स्क्रूड्रायव्हर सरकवतात, आणि त्यातून घंटांसारखे जे नाद निघतात त्यांच्यावर गाणं उभं करतात. ‘चालीच्या मागे जाऊ नकोस, नाद ऐक.’ त्याने इअरफोन परत घातला. हा दोन रेकॉर्डचा लांब अल्बम आहे. तो संपला तेव्हा नाशिक मागे पडलं होतं आणि मामा म्हणाला, ‘पहिलं गाणं परत लाव.’

झिरो हे नाव मला याच बँडमुळे कळलं. बँड २०११ मध्ये फुटला. नंतर त्यातले ली रनाल्डो आणि स्टीव्ह शेली झिरोच्या बांबूच्या स्टेजवर वाजवून गेले, हे वाचून मी नकाशा उघडला होता. माझ्या खोलीतल्या भिंतीवर ज्यांचं चित्र आहे ती माणसं भातशेतांच्या मधोमध उभी राहून वाजवतात, हे मला खरंच वाटेना. तेव्हापासून जायचं होतं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर मामाने मला हलवून उठवलं. जबलपूर जवळ आलं होतं. जबलपूरच्या अलीकडे गाडी नर्मदा ओलांडते, आणि त्याने त्यासाठी ‘इंडियन ओशन’चा ‘कंदिसा’ राखून ठेवला होता. २००० सालचा हा अल्बम मी शाळेत जायच्या आधीपासून त्याच्याच गाडीत ऐकत आले आहे. त्यातलं ‘मा रेवा’ म्हणजे नर्मदेचंच गाणं. बेस वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होता. त्या खोऱ्यातल्या लोकांकडून हे गाणं बँडपर्यंत आलं. बाहेर काळोख. पूल आला तो फक्त आवाजावरून कळला, चाकांचा ठोका एकदम पोकळ झाला. खाली पाणी दिसत नव्हतं. असीम चक्रवर्तीचा आवाज कानात होता आणि तबला त्या पोकळ ठोक्याच्या आत-बाहेर होत होता. पूल संपला तरी आम्ही दोघं दाराशी उभे होतो.

असीम चक्रवर्ती २००९च्या डिसेंबरमध्ये गेला. मामाने त्याला समोर गाताना ऐकलंय, मी नाही. हे मला दर वेळी लागतं. ‘कंदिसा’ ही केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे. एक बंगाली गायक ती दिल्लीच्या बँडमध्ये गातो आणि आपल्याला एक शब्द कळत नसताना गळा दाटून येतो. आवडत्या अल्बमांची यादी करायला कुणी सांगितलं तर मी बाकी दहा जागांसाठी तासभर विचार करीन. पहिली जागा विचारायचं कामच नाही.

रविवार

दिवसभर सपाट मुलूख. पाऊस पडून गेलेला, शेतांत पाणी.

आज माझी पाळी. ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा ‘बिस्मिल्ला’, २०१९. दिल्लीच्या या बँडबद्दल मी बोलायला लागले की थांबत नाही, म्हणून मामाला आधी नुसतं ऐकू दिलं. सूर्यकांत साहनी जुन्या काळच्या नाचघरातल्या गायकासारखा गातो, आवाज मखमली आणि थोडा झोपाळू. मागे ट्रम्पेट, कुठे वॉल्ट्झचा ठेका, मधेच डिस्को, आणि या सगळ्यावर एक धूसर उदासी, लग्नाचा मांडव उतरवताना असते तशी. हे मी उगाच म्हणत नाही. ‘फ्लोटेड बाय’ या गाण्याचा व्हिडिओ त्याच्या स्वतःच्या लग्नातल्या चित्रणातून केलाय. नाचणारी माणसं, हार, दिवे, आणि गाणं मात्र काहीतरी हातातून निसटल्याचं.

कॉलेज संपवून पहिली नोकरी धरली आणि सहा महिन्यांत ती गेली, त्या पावसाळ्यात मी हा अल्बम रोज रात्री ऐकत असे. ‘मेमरी बॉक्स’ हे त्यातलं लांबलचक नाचाचं गाणं. नाचावंसं वाटतं आणि नाचता नाचता रडावंसंही वाटतं. त्या दिवसांत मला नेमकं तेच हवं होतं. मामाला हे कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘तेव्हा फोन करायचा होतास गं.’

दुपारी नियम मोडून मी त्याला एकच सुटं गाणं ऐकवलं. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिपहॉप गटाचं, आरेच्या जंगलातल्या वारल्यांबद्दलचं, २०१९चं. त्यात एमसी मवाली मराठीत रॅप करतो आणि आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर गातात. मामा आयुष्यभर इंग्रजी रॉकवर पोसलेला. आपल्या भाषेत, आपल्याच शहरातल्या झाडांबद्दल कुणी इतक्या तावातावाने बोलतंय हे त्याने तीनदा ऐकलं. रंगभवनाच्या काळी मराठीत गायचं कुणाला सुचलं कसं नाही, हाच विचार तो संध्याकाळपर्यंत करत होता.

सोमवार

न्यू जलपायगुडी पहाटे केव्हातरी गेलं. मामाने शिलाँगच्याच ‘सोलमेट’ या ब्लूज बँडचा ‘शिलाँग’ लावला, २००५चा. रूडी वॉलांगचं गिटार आणि टिप्रिती खारबांगरचा आवाज. ब्लूज या प्रकाराशी माझं फारसं सूत नाही. पण टिप्रिती गायला लागली की प्रकाराचं काही चालत नाही. ईशान्येत रॉक आणि ब्लूज कितीतरी वर्षांपासून रुजलेत. शिलाँगमध्ये लू माजॉ हा गायक १९७२पासून दर २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करत आला आहे. आपण ज्याला कोपरा समजतो तिथे हे इतकी वर्षं चालू आहे.

ब्रह्मपुत्रा दिवसाउजेडी दिसली. त्या वेळी काहीच लावलं नाही.

गुवाहाटीत जेमतेम जेवण, आणि रात्री नाहरलगुनची गाडी.

मंगळवार

नाहरलगुन स्टेशनातून बाहेर पडताना इनर लाइन परमिट बघतात. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला त्याशिवाय अरुणाचलात पाऊल ठेवता येत नाही. आम्ही घरूनच ऑनलाइन काढून कागदावर छापून आणलं होतं. बाहेर शेअर सुमो उभ्याच होत्या, आणि पाठीवर गिटार घेतलेली चार-पाच मुलं दिसली तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला. म्हणजे हे खरंच होणार.

मग दोन तासांनी दरड कोसळली. आमच्या पुढे सात गाड्या, आणि त्यांच्यापुढे रस्त्यावर लाल मातीचा ढीग, त्यात उलटं रुतलेलं केळीचं झाड. यंत्र येईस्तोवर थांबणं आलं. पाऊस भुरभुरत होता. पुढच्या सुमोतली गिटारवाली मुलं खाली उतरून एका टपराखाली उभी राहिली आणि त्यातल्या एकीने गिटार पिशवीतून काढलं. मी मामाकडे पाहिलं. ती यादीतल्या बँडची असली तर? नुसती ऐकायला आलेली असली तर? विचारलं तर कळलं असतं. मामाने खिडकीची काच वर केली. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता हे लिहून ठेवते. बंद काचेतून तिची बोटं दिसत होती, गाणं नाही.

आमचा ड्रायव्हर इथल्या न्यिशी जमातीचा होता, विशीतला. आम्ही काच का लावली ते मामाने त्याला समजावलं. त्याला ते पटलं, आणि त्याने पेनड्राइव्हवरचा ताबा चाकेचा ‘बॉम्बे ड्रीम्स’ लावला. हा २०१९चा. ताबा चाके अरुणाचलचा, न्यिशी. युकुलेलेवर, गिटारवर, अगदी हलक्या हाताने वाजवतो आणि इंग्रजी-हिंदीबरोबर न्यिशीतही गातो. मी त्याला मुंबईत कानाला इअरफोन लावून लोकलच्या गर्दीत ऐकलाय. तो अरुणाचलातून मुंबईत आला आणि अल्बमला ते नाव दिलं. आम्ही मुंबईहून निघून त्याच्या डोंगरात दरडीमागे अडकलो होतो. न्यिशीतलं गाणं लागलं तेव्हा ड्रायव्हर एकेका ओळीचा अर्थ हिंदीत सांगत गेला. लोकलमध्ये मी याच गाण्यात नुसती चाल ऐकली होती.

यंत्र आलं, माती बाजूला झाली, आणि याझालीच्या पुढे रस्ता चढत गेला. पाइनची झाडं सुरू झाली. झिरोत पोचलो तेव्हा पूर्ण काळोख होता. इथे सप्टेंबरअखेरीस संध्याकाळी पाचच्या सुमारालाच सूर्य मावळतो.

बुधवार

सकाळी घराच्या मागच्या दारातून बाहेर आले आणि तशीच उभी राहिले. दरी म्हणजे एखादं ताट असावं तशी सपाट, कडेने डोंगर, आणि ताटभर भात, पिवळं पडायला लागलेलं. आपातानी लोक इथे शेकडो वर्षं नांगर-बैलाशिवाय शेती करतात आणि खाचरांतल्या पाण्यात भाताबरोबर मासे वाढवतात. बांधांवर नाचणीसारखं काही लावलेलं. चालायला बांधच वापरायचे. मामा कोकणातला, तो खाचरांकडे बघत बघत इतका मागे पडला, की मला दोनदा परत जावं लागलं.

महोत्सव २०१२ मध्ये सुरू झाला. झिरोचा बॉबी हानो आणि दिल्लीच्या ‘मेनव्होपॉज’ या बँडचा गिटारवादक अनूप कुट्टी या दोघांनी. दोन स्टेज. दिवसाच्या स्टेजचं नाव दान्यी, रात्रीच्याचं पिलो. आपातानी भाषेत सूर्य आणि चंद्र. दोन्ही इथल्या कारागिरांनी बांबूची उभारलेली.

दान्यीवर अजून काम चालू होतं. स्टेजच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी हिरव्या बांबूचं कांडं उभं धरलं, लांब पात्याचा कोयता टोकावर टेकवला, पात्याच्या पाठीवर लाकडाने एकच ठोका दिला आणि मग कोयता न उचलता नुसता पिळत खाली नेला. बांबू तडतडत दुभंगला. त्यातला अर्धा भाग घेऊन परत तेच, मग परत, असं करत कामटी कागदाइतकी पातळ झाली. ती त्यांनी एकदा ओठांतून ओली करून घेतली, दोन वाशांच्या फुलीवर तीन वेढे घातले, टोक वेढ्याखालून ओढलं आणि अंगठ्याने दाबलं. गाठ दिसतच नव्हती. त्या फुलीवर त्यांनी सगळं अंग टाकून पाहिलं, जरासुद्धा हललं नाही. उद्या याच फुलीला स्पीकर टेकणार होता. मामाने हात पुढे करून गाठीला हात लावला आणि त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. त्यांनी दुसरी कामटी मामाच्या हातात दिली. पुढचा अर्धा तास मामा वेढे घालायला शिकत होता. चौथ्या खेपेला जमलं.

मी गवतात बसून वही उघडली. चार दिवस, दोन स्टेज, यादीतली सगळी नावं. नावांवरून मनात चित्रं तयार होत होती: हे जोरात वाजवणारे असतील, ही एकटीच गाणारी असेल, या तिघांकडे नक्की काहीतरी पारंपरिक वाद्य असेल. मणिपूरच्या गुरू रूबेन माशांग्वाला मी जेव्हा पहिल्यांदा ऐकलं होतं तेव्हा असंच चित्र आधी केलं होतं आणि ते साफ चुकलं होतं. तांगखुल नागांची लोकगीतं आणि ब्लूज यांच्यात सांधा आहे हे मला त्याच्यामुळे कळलं. २०२१ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. तसं कुणी या वहीत असेल. कोणतं नाव, ते कळायला एक रात्र उरली होती, आणि फोन खिशात होता. घरात रेंजही बरी होती. रात्री अंथरुणात मी एकदा तो हातात घेतला, एका बँडचं नाव अर्धं टाइप केलं आणि पुसलं.

त्याच्या आधीची गोष्ट राहिली. संध्याकाळी आम्ही बांधावरून परतत होतो आणि मागून साउंडचेक सुरू झाला. आधी नुसता ड्रमचा एकेक ठोका, दरीभर घुमून परत येणारा. मग बेसचा एक लांब सूर, तो पायाखालच्या मातीतून येतोय असं वाटलं. मग कुणीतरी माइकवर आकडे मोजले. तिथपर्यंत आम्ही उभे राहून ऐकत होतो. मग एक मुलगी गायला लागली, आणि मामाने माझ्या पाठीवर हात ठेवला. आम्ही भरभर गावाकडे चालू लागलो. घरांच्या ओळीमागे आवाज तुटला. माझ्या कानात तिची पहिली दीड ओळ राहिली. ती मी रात्रभर पुढे वेगवेगळी पूर्ण करून पाहत होते.

गुरुवार

सकाळी पाऊस, मग ऊन. गमबूट घालून मैदानात शिरलो. गर्दी अजून विरळ होती. गवत ओलं, बांबूचा ताजा वास, आणि कालच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांची तिसऱ्या खांबाजवळची फुली मी शोधून काढली. त्याच्या शेजारची मामाची. दोन्हींमध्ये फरक दिसत होता, पण मामाचीही घट्ट होती.

आम्ही अगदी पुढे जाऊन उभे राहिलो. मामाने चष्मा पुसला. रंगभवनात कुठे उभा राहायचास, मी विचारलं. ‘असाच, डावीकडे. तिथून गिटारवाल्याची बोटं दिसतात.’ आम्ही डावीकडे सरकलो.

चौघं आले. गिटारवाली ती दरडीजवळची मुलगी होती. तिने कुणाकडे न बघता एक तार पिळली, परत ऐकली, थोडी सैल केली. ड्रमवाल्याने काठ्या वर धरल्या. माइकमधून तिने श्वास घेतलेला ऐकू आला. मग तिने तीच दीड ओळ गायली, कालचीच, आणि मी रात्रभर जिथे जिथे नेऊन पाहिली होती त्यांतल्या कुठेही ती वळली नाही.